प्रोसेसरमधले चोरदरवाजे : वाचकांचे प्रश्न

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी बरीचशी प्रोसेसरच्या आत दडलेल्या चोरदरवाजांबद्दल, म्हणजे बॅकडोअरबद्दल होती. म्हणून या वेळचं सदर त्याच विषयाला दिलं आहे. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : प्रोसेसरमध्ये कंपनीनेच चोरदरवाजा ठेवलेला असतो, असे मेसेज सारखे फिरतात. आजवर असा एक तरी दरवाजा खरोखर सापडला आहे का? (विद्यार्थी, नाशिक)

उत्तर : होय. मात्र मेसेजमध्ये ज्यांची नावं फिरतात ती उदाहरणं सहसा टिकत नाहीत, आणि जी टिकतात त्यांची चर्चा फारशी होत नाही.

सगळ्यात नीट उलगडलेलं उदाहरण व्हाया कंपनीच्या सी३ प्रोसेसरचं. २००० नंतरच्या दशकात हा स्वस्त, कमी वीज खाणारा एक्स८६ प्रोसेसर छोटे पीसी, बिलिंग मशिन, किऑस्क अशा ठिकाणी बसवला जाई. ऑगस्ट २०१८ मध्ये लास व्हेगासच्या ब्लॅक हॅट परिषदेत ख्रिस्तोफर डोमास यांनी दाखवलं, की त्याच्या नेहेमाया आवृत्तीत मुख्य कोअरच्या (आज्ञा चालवणाऱ्या भागाच्या) शेजारी वेगळ्याच आज्ञा समजणारा दुसरा कोअर आहे. तो जागा करायचा तर हेक्स ११०७ क्रमांकाच्या नियंत्रण रजिस्टरमधला (प्रोसेसरच्या आतल्या छोट्या नोंदखान्यातला) सगळ्यात खालचा बिट १ करायचा आणि ०एफ ३एफ ही दोन बाइटची आज्ञा द्यायची. त्यानंतर एका साध्या दिसणाऱ्या आज्ञेच्या पोटात घातलेले बाइट थेट या दुसऱ्या कोअरकडे जातात. साध्या प्रोग्रॅमने कर्नेलच्या (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याच्या) मेमरीला हात लावायचा प्रयत्न केला तर प्रोसेसर त्याला अडवतो. हा दुसरा कोअर ती तपासणीच करत नाही. त्यामुळे कोणताही अधिकार नसलेला प्रोग्रॅम कर्नेलच्या नोंदी बदलून स्वतःला अ‍ॅडमिन करून घेऊ शकतो.

तो बिट बदलायला एरवी कर्नेलचाच अधिकार लागतो. पण काही मशिनांत तो सुरुवातीपासूनच चालू असल्याचं डोमास यांना आढळलं. व्हायाच्या माहितीपत्रकात या सोयीचा 'पर्यायी आज्ञासंच' असा उल्लेखही होता. ती चाचणी आणि डीबगिंगसाठी आहे, म्हणून तपशील देत नाही, एवढंच तिथे म्हटलं होतं.

दुसरं उदाहरण प्रत्यक्ष हल्ल्यात वापरलं गेलं, म्हणून आम्हाला ते अधिक गंभीर वाटतं. कॅस्परस्कीने २०२३ मध्ये 'ऑपरेशन ट्रायअँग्युलेशन' उघड केलं. आयमेसेजवर आलेला संदेश उघडावाही लागत नव्हता, तरी आयफोन ताब्यात जाई. त्या साखळीतल्या एका कडीत हल्लेखोर ए१२ ते ए१६ या चिपांमधल्या अशा हार्डवेअर रजिस्टरांत लिहीत होते, ज्यांचा उल्लेख कुठल्याही कागदपत्रात नव्हता आणि ज्यांना अ‍ॅपलचं स्वतःचं फर्मवेअरही (चिपमध्येच साठवलेलं सॉफ्टवेअर) वापरत नव्हतं. काय लिहायचं, कुठे लिहायचं आणि त्या मजकुराचा हॅश (त्यावरून काढलेली, ठशासारखी संख्या), एवढं दिलं की मेमरीचं संरक्षण ओलांडलं जाई. अ‍ॅपलने जुलै २०२३ मधल्या आयओएस १६.६ मध्ये ही वाट बंद केली. ती रजिस्टरं कारखान्यातल्या डीबगिंगसाठी असावीत, असाच जाणकारांचा कयास आहे.

याउलट, सुपरमायक्रोच्या सर्व्हर बोर्डांवर तांदळाच्या दाण्याएवढी हेरगिरीची चिप बसवली गेली, ही ऑक्टोबर २०१८ मधली ब्लूमबर्गची बातमी आजही सगळ्यात जास्त फॉरवर्ड होते. अ‍ॅपल, अ‍ॅमेझॉन आणि सुपरमायक्रो या तिघांनीही ती साफ नाकारली. तसा एकही बोर्ड आजवर जाहीरपणे कोणी दाखवलेला नाही.

म्हणून दरवाजा कोणी मुद्दाम ठेवला का, या प्रश्नावर अडून राहू नका. मुद्दाम ठेवलेला, चाचणीसाठी ठेवून विसरलेला आणि चुकून राहिलेला, या तिन्हींतून आत येणारा माणूस सारखंच नुकसान करतो. विचारायचं ते एवढंच: तिथपर्यंत कोण पोहोचू शकतं? नेटवर्कवरून कोणीही, मशिनवर आधीच अ‍ॅडमिन झालेला माणूस, की स्क्रू काढून हात घालणारा? पुढची सगळी उत्तरं हाच प्रश्न समोर ठेवून दिली आहेत.

प्रश्न : आमच्या करसल्लागार कार्यालयात रिफर्बिश्ड बिझनेस डेस्कटॉप आणि लॅपटॉप आहेत, बहुतेकांवर व्हीप्रोचं (इंटेलच्या ऑफिस मशिनांच्या मालिकेचं) स्टिकर आहे. संगणक बंद असतानाही इंटेलचा आतला संगणक चालू असतो, असं वाचलं. आम्ही नेमकं काय तपासावं? (कोल्हापूर)

उत्तर : तुम्ही वाचलं ते खरं आहे. इंटेलच्या चिपसेटमध्ये मॅनेजमेंट इंजिन, म्हणजे एमई, हा स्वतंत्र छोटा प्रोसेसर असतो. २०१५ च्या स्कायलेक पिढीपासून त्यावर मिनिक्स ३ वर आधारलेली ऑपरेटिंग सिस्टिम चालते. मशिन शटडाउन केलं तरी वीजपुरवठा असेपर्यंत तो जागा राहू शकतो, आणि विंडोजला त्याचं काम दिसत नाही. पण एमई असणं आणि त्यावरची एएमटी ही रिमोट नियंत्रणाची सोय चालू असणं, या वेगळ्या गोष्टी आहेत. एमई जवळजवळ सगळ्या इंटेल मशिनांत असतं. एएमटी मात्र व्हीप्रो मशिनांतच असते आणि आधी सेट केल्याशिवाय नेटवर्कवर उत्तर देत नाही. रिफर्बिश्ड मशिनची मेख इथेच आहे: आधीच्या कंपनीच्या आयटी विभागाने ती सेट केलेली असू शकते. हार्ड डिस्क बदलून, विंडोज नव्याने टाकून ती जात नाही, कारण ती मदरबोर्डवरच्या फ्लॅश चिपमध्ये असते.

पहिली तपासणी नेटवर्कवरून करा, आणि ती त्याच मशिनवरून नको. बाहेरून आलेलं पॅकेट एमई विंडोजच्या आधीच उचलून घेतं, त्यामुळे त्या मशिनचा फायरवॉल ते अडवत नाही आणि आतल्या आत केलेली तपासणी फसवी ठरते. दुसऱ्या संगणकावर एनमॅप हा पोर्ट तपासणारा प्रोग्रॅम टाका आणि संशयित मशिनच्या आयपी पत्त्यावर १६९९२ ते १६९९५, ६२३ आणि ६६४ हे पोर्ट (नेटवर्कवरची क्रमांकित दारं) तपासा. मग मशिन शटडाउन करा, पॉवर केबल आणि लॅन केबल तशीच ठेवा आणि पुन्हा तपासा. बंद मशिनचा यातला एखादा पोर्ट 'ओपन' दिसला, तर एएमटी चालू आहे हे नक्की समजा. ब्राउझरमध्ये तोच आयपी पत्ता आणि पुढे १६९९२ पोर्ट टाकलात तर तिचं लॉगइन पानही दिसेल.

दुसरी तपासणी मशिनसमोर बसून. चालू होताना कंट्रोल आणि पी एकत्र दाबा. काही मॉडेलांत एफ१२ च्या बूट मेनूतून तिथे जाता येतं. एमईबीएक्स नावाचा मेनू उघडेल. त्याचा कारखान्यातून आलेला पासवर्ड 'अ‍ॅडमिन' हाच शब्द असतो, इंग्रजी लहान लिपीत. तो चालला तर या मेनूचा पासवर्ड कोणी बदललेला नाही, आणि तुम्ही तो लगेच बदलायला हवा. आठ किंवा अधिक अक्षरं, त्यात मोठं अक्षर, लहान अक्षर, अंक आणि एक चिन्ह असल्याशिवाय नवा पासवर्ड स्वीकारला जात नाही. एएमटी वापरायची नसली तरी पासवर्ड बदलाच. जानेवारी २०१८ मध्ये एफ-सिक्युअरने दाखवलं होतं, की बायोसला (मशिन सुरू करणाऱ्या फर्मवेअरला) पासवर्ड लावलेला असला तरी या मेनूत मूळ पासवर्डने शिरून एखाद्या मिनिटात रिमोट नियंत्रण चालू करता येतं. हॉटेलच्या खोलीत ठेवलेल्या लॅपटॉपला तेवढा वेळ पुरतो.

मूळ पासवर्ड चाललाच नाही, तर तो आधीच्या मालकाने बदललेला आहे. अनेक डेस्कटॉपांत वीज तोडून सीमॉसची (बायोसची सेटिंग टिकवणारी) गोल बॅटरी काढून ठेवली, किंवा मॅन्युअलमध्ये दिलेला जंपर (बोर्डवरच्या पिना जोडणारी छोटी टोपी) वापरला, की तो मूळ स्थितीत येतो. सगळ्या लॅपटॉपांत हे होत नाही. तशी मशिन विक्रेत्याला परत द्या. आत शिरता आलं तर एएमटी कॉन्फिगरेशनमधला 'अनकॉन्फिगर नेटवर्क अ‍ॅक्सेस' हा पर्याय घेऊन 'फुल अनप्रोव्हिजन' करा. मग बायोसमध्ये जाऊन एएमटी 'डिसेबल' करा आणि यूएसबीवरून प्रोव्हिजनिंगचा पर्याय दिसत असेल तर तोही बंद करा. पेन ड्राइव्हवरची एक फाइल वापरून ती पुन्हा चालू करण्याची वाट त्यातून जाते.

तिसरी गोष्ट फर्मवेअरची आवृत्ती. १ मे २०१७ रोजी इंटेलने जाहीर केलेला दोष (नोंद क्रमांक सीव्हीई-२०१७-५६८९) समजून घेण्यासारखा आहे. एएमटीचं लॉगइन तपासताना मशिनने काढलेलं उत्तर आणि तुम्ही पाठवलेलं उत्तर यांची अक्षरं जुळवली जात. पण किती अक्षरं जुळवायची, हे तुम्ही पाठवलेल्या उत्तराच्या लांबीवरून ठरे. रिकामं उत्तर पाठवलं की शून्य अक्षरं जुळवायची, आणि शून्य अक्षरं नेहमीच जुळतात. पासवर्डशिवाय अ‍ॅडमिन! हा दोष ६ ते ११.६ या आवृत्त्यांत होता. दुरुस्त केलेल्या आवृत्तीची खूण म्हणजे शेवटचा चार अंकी गट ३ ने सुरू होतो. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये एमईमधले आणखी दोष निघाले. त्यांच्यासाठी ११ च्या मालिकेत ११.८.५०.३४२५ किंवा पुढची आवृत्ती हवी. इंटेलचं सीएसएमई डिटेक्शन टूल ही आवृत्ती दाखवतं. अपडेट मात्र इंटेलच्या साइटवर नाही, तर डेल, एचपी, लेनोवो अशा तुमच्या मशिनच्या कंपनीच्या साइटवर मिळतं. कंपनीने त्या मॉडेलचे अपडेट थांबवले असतील, तर ते मशिन ग्राहकांच्या फायली असलेल्या नेटवर्कवर ठेवू नका.

एक स्वस्त उपाय राहिलाच. एएमटी फक्त इंटेलच्या स्वतःच्या नेटवर्क जोडणीवरून बोलू शकते. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अ‍ॅडॉप्टरचं नाव आय२१९-एलएम असेल तर ती एएमटीला चालते, आय२१९-व्ही असेल तर नाही. डेस्कटॉपला दुसऱ्या कंपनीचं साधं लॅन कार्ड लावा आणि बोर्डवरचं सॉकेट रिकामं ठेवा, की लॅनवरची ती वाट तुटली. अपडेट मिळणं बंद झालेल्या मशिनला एवढं तरी कराच.

प्रश्न : मॅनेजमेंट इंजिन मुळातूनच काढून टाकता येतं का? (पुणे)

उत्तर : पूर्ण काढता येत नाही, अर्धवट निष्प्रभ करता येतं. एमईचं फर्मवेअर फ्लॅश चिपमधून पुसून टाकलं तर बहुतेक मशिन सुरूच होत नाहीत, किंवा सुरू होऊन ३० मिनिटांनी आपोआप बंद पडतात. प्रोसेसरची सुरुवातीची जुळवाजुळव एमई करतं, म्हणून त्याचे दोन-चार मूळ भाग ठेवावेच लागतात. एमई-क्लीनर हे मुक्त सॉफ्टवेअर नेमके तेवढे भाग ठेवून बाकीचे काढतं.

दुसरा मार्ग ऑगस्ट २०१७ मध्ये पॉझिटिव्ह टेक्नॉलॉजीजच्या संशोधकांनी शोधला. फ्लॅशमधल्या सेटिंगमध्ये एक राखीव बिट आहे, तो १ केला की एमई सुरुवातीचं काम करून थांबतं. त्या बिटाच्या नावात एचएपी ही अक्षरं होती. अमेरिकी सरकारच्या 'हाय अ‍ॅशुरन्स प्लॅटफॉर्म' कार्यक्रमासाठी उत्पादकांच्या विनंतीवरून ही सोय केली, असं इंटेलने मान्य केलं. संवेदनशील काम करणाऱ्या सरकारी यंत्रणेला जे बंद करून हवं होतं, ते बंद करण्याची सोय सामान्य ग्राहकाच्या बायोसमध्ये नाही. आमच्या मते ग्राहकाने इंटेलला जाब विचारावा तो याबद्दल.

हे करायला सहसा बाहेरचा प्रोग्रॅमर, म्हणजे चिपवर लिहिणारं उपकरण, लागतो, कारण फ्लॅशचा तो भाग विंडोज किंवा लिनक्समधून लिहिता येऊ नये म्हणून कुलूपबंद असतो. बहुतेक जण सीएच३४१ए हा स्वस्त प्रोग्रॅमर आणि आठ पायांची क्लिप वापरतात, आणि घोटाळा तिथेच होतो. या प्रोग्रॅमरची काळी आवृत्ती वीजपुरवठा ३.३ व्होल्टचा देते, पण तिच्या डेटाच्या तारांवर ५ व्होल्ट येतात. चिपवरचं नाव आधी वाचा: विनबाँडची २५क्यू१२८एफव्ही ३.३ व्होल्टची आहे, २५क्यू१२८एफडब्ल्यू १.८ व्होल्टची. १.८ व्होल्टच्या चिपला अ‍ॅडॉप्टरशिवाय जोडलंत तर ती जळेल. आधी लॅपटॉपची बॅटरी आणि सीमॉसची बॅटरी काढा. चिप निदान दोनदा वाचा आणि दोन्ही फायलींचा एसएचए-२५६ जुळतो का ते पाहा. जुळला नाही तर क्लिप नीट बसलेली नाही; तशा स्थितीत काहीही लिहू नका. मूळ फाइल दुसऱ्या मशिनवर जपून ठेवा.

आणि सगळ्यात मोठा फटका ज्याचा बसतो ते: अनेक लॅपटॉपांत टीपीएम (कीज जपणारा सुरक्षा भाग) म्हणजे वेगळी चिप नसून एमईवरच चालणारा प्रोग्रॅम असतो. एमई थांबलं की टीपीएम गेला, आणि बिटलॉकर (विंडोजचं डिस्कला लावलेलं कुलूप) ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. ती आधी कागदावर उतरवून घेतली नसेल तर डेटा गेला. विंडोज ११ लाही टीपीएम २.० लागतोच. वर सांगितलेली एएमटीची साफसफाई पुरेशी असलेल्या घरगुती वापरकर्त्याने या वाटेला जाऊ नये, असं आमचं स्पष्ट मत आहे.

प्रश्न : मग एएमडी घेतला की सुटलो? (छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : नाही. एएमडीच्या आतही पीएसपी नावाचा एआरएम प्रोसेसर असतो. काही बायोसमध्ये त्याला बंद करण्याचा पर्याय दिसतो, पण त्याने पीएसपी थांबत नाही. त्याच्याशी ऑपरेटिंग सिस्टिमचं बोलणं तेवढं बंद होतं.

एएमडीचं २०२५ मधलं प्रकरण मात्र प्रत्येकाने वाचावं असं आहे. प्रोसेसरमधल्या काही आज्ञा मायक्रोकोड नावाच्या आतल्या प्रोग्रॅमने चालतात आणि तो अपडेट करता येतो. अपडेट खरा एएमडीचाच आहे का, हे प्रोसेसर डिजिटल सहीवरून ताडतो. गूगलच्या संशोधकांना आढळलं, की या तपासणीत हॅश म्हणून एईएस-सीमॅक ही पद्धत वापरली आहे. ती त्या कामासाठी नाहीच. तिची की गुप्त असेल तरच ती सुरक्षित राहते. इथे झेन १ ते झेन ४ या पिढ्यांच्या सगळ्या प्रोसेसरांत एकच की होती, आणि ती होती अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेच्या दस्तऐवजात उदाहरणादाखल छापलेली की! ती माहीत झाल्यावर हवा तो मायक्रोकोड खरा भासवता येतो. संशोधकांनी दाखवण्यासाठी यादृच्छिक संख्या देणारी आरडीरँड ही आज्ञा अशी बदलली, की ती कायम ४ हाच आकडा देऊ लागली. पासवर्डच्या आणि बँकेच्या व्यवहारांच्या कीज अशाच संख्यांतून तयार होतात.

ही चूक होती, कट नव्हे. तिथे पोहोचायला आधी कर्नेलचा अधिकार लागतो, आणि असा मायक्रोकोड मशिन बंद करताच पुसला जातो. खरा धोका भाड्याच्या क्लाउड सर्व्हरवर आहे, जिथे सर्व्हरच्या मालकापासूनही डेटा लपवण्याचं आश्वासन दिलेलं असतं. घरच्या एएमडी रायझन मशिनवर एकच काम करायचं: मदरबोर्डच्या कंपनीकडून २०२५ मधला किंवा त्यानंतरचा बायोस टाकायचा. त्याआधी बिटलॉकर 'सस्पेंड' करा, नाहीतर इथेही रिकव्हरी की मागितली जाऊ शकते.

आरडीरँडवर विसंबावं का, असंही दोघांनी विचारलं आहे. एकट्या तिच्यावर नाही. लिनक्सचं कर्नेल तिचं उत्तर इतर स्रोतांत मिसळूनच वापरतं. फ्रीबीएसडीनेही २०१३ मध्ये तिचा थेट वापर सोडला. २०१९ मध्ये काही नव्या रायझन मशिनांवर तर ही आज्ञा प्रत्येक वेळी सगळे बिट १ असलेली एकच संख्या देत होती. तुम्ही प्रोग्रॅम लिहीत असाल तर ऑपरेटिंग सिस्टिमकडूनच यादृच्छिक संख्या मागा.

प्रश्न : चिप तयार होत असताना कारखान्यात कोणी सर्किट घुसडलं तर चाचणीत सापडत नाही का? (अभियांत्रिकी शिक्षिका, सांगली)

उत्तर : सापडण्याची शक्यता फार कमी, आणि त्याचं कारण साधं गणित आहे. समजा, एक विशिष्ट ६४ बिटची संख्या आली तरच दरवाजा उघडतो. शक्य संख्या सुमारे १८ अब्ज अब्ज. सेकंदाला एक अब्ज संख्या तपासल्या तरी सगळ्या तपासायला ५८४ वर्षं लागतील.

असं सर्किट किती लहान असू शकतं, हे इलिनॉय विद्यापीठाच्या गटाने २००८ मध्ये दाखवलं. लिऑन३ या खुल्या प्रोसेसरमध्ये त्यांनी फक्त १,३४१ गेट (सर्किटचे मूळ घटक) वाढवली. मूळ गेटांच्या मानाने हे प्रमाण एक हजारांशाहून कमी. हल्लेखोर नेटवर्कवरून एक पॅकेट पाठवतो, ज्याचा चेकसम (पाठवताना झालेली चूक ओळखण्याची संख्या) मुद्दाम चुकीचा असतो. ऑपरेटिंग सिस्टिम चेकसम तपासते आणि पॅकेट फेकून देते. पण तपासण्यासाठी त्यातले बाइट प्रोसेसरमधून गेलेले असतात, आणि दरवाजा उघडायला तेवढं पुरतं.

२०१६ मध्ये मिशिगन विद्यापीठाच्या गटाने याहून पुढचं पाऊल टाकलं. त्यांच्या 'ए२' प्रयोगात मोजणी करणारं डिजिटल सर्किटच नव्हतं, होता एक इवलासा कपॅसिटर. शून्याने भागण्यासारखी क्वचित होणारी क्रिया वारंवार केली की तो थोडा थोडा भरतो, आणि ठरावीक पातळीला अधिकाराचा बिट उलटवतो. क्रिया थांबली की भार गळून जातो, म्हणून नेहमीच्या चाचणीत तो कधीच भरत नाही. त्यांनी हे ६५ नॅनोमीटरच्या खऱ्या चिपवर करून दाखवलं. त्याआधी २०१३ मध्ये बेकर आणि सहकाऱ्यांनी मांडलेल्या रचनेत तर एकही तार किंवा गेट वाढवायचं नव्हतं. काही ट्रान्झिस्टरांच्या डोपिंगची (सिलिकॉनमध्ये मुद्दाम मिसळलेल्या द्रव्याची) जात तेवढी बदलली, की इंटेलच्या पद्धतीच्या यादृच्छिक संख्या जनकाची अनिश्चितता १२८ बिटांवरून ३२ वर येते. सूक्ष्मदर्शकाने धातूचे थर पाहिले तर सगळं जागच्या जागी दिसतं, आणि आकडेवारीच्या चाचण्याही पास होतात.

हे सगळे प्रयोगशाळेतले नमुने आहेत. दुकानात विकल्या गेलेल्या प्रोसेसरमध्ये कारखान्यात घुसडलेलं असं सर्किट सापडल्याचं जाहीर उदाहरण नाही. विद्यार्थ्यांना प्रकल्प द्यायचा असेल तर एफपीजीएवर (हवं तसं सर्किट उभं करता येणाऱ्या चिपवर) छोटा, खुल्या आज्ञासंचाचा रिस्क-व्ही कोअर घ्या. एका गटाला त्यात ट्रिगर लपवू द्या, आणि दुसऱ्या गटाला फक्त चाचण्यांच्या आधारे तो शोधू द्या.

प्रश्न : सोसायटीच्या सीसीटीव्हीत चिनी चिप आहे, आणि मुलाच्या प्रकल्पात ईएसपी३२ ही वायफाय-ब्लूटूथची छोटी चिप. दोन्हींत चोरदरवाजा असल्याच्या बातम्या वाचल्या. काढून टाकू का? (सोसायटी सचिव, ठाणे)

उत्तर : ईएसपी३२ बिनधास्त वापरू द्या. मार्च २०२५ मध्ये टार्लॉजिक या स्पॅनिश कंपनीने तिच्या ब्लूटूथ भागात २९ आज्ञा कागदपत्रांत नसल्याचं सांगितलं आणि 'बॅकडोअर' हा शब्द वापरला. मग तो मागे घेऊन 'छुपी सुविधा' असं म्हटलं. या आज्ञा त्या चिपवर चालणाऱ्या प्रोग्रॅमलाच देता येतात, हवेतून कोणाला देता येत नाहीत. ज्याने तुमच्या चिपमध्ये आधीच स्वतःचा प्रोग्रॅम घातला आहे, त्याला त्यांची फारशी गरजही नाही.

कॅमेऱ्यांचं तसं नाही. २०२० मध्ये हायसिलिकॉन चिप असलेल्या डीव्हीआरमध्ये (कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणाऱ्या खोक्यात) चोरदरवाजा उघड झाला: ९५३० पोर्टवर ठरावीक संदेश पाठवला की टेलनेट (दुरून आज्ञा देण्याची सोय) सुरू होई. दोष चिपचा नव्हता, शिओंगमाई कंपनीच्या फर्मवेअरचा होता, आणि ते अनेक वेगवेगळ्या ब्रँडच्या खोक्यांत होतं. म्हणून चिप कोणत्या देशाची यावर थांबू नका. राउटरमधलं यूपीएनपी (उपकरणांना आपोआप पोर्ट उघडू देणारी सोय) बंद करा, डीव्हीआरसाठी केलेलं पोर्ट फॉरवर्डिंग काढा. कॅमेरे आणि डीव्हीआर कार्यालयाच्या वायफायपासून वेगळ्या व्हीलॅनवर (नेटवर्कच्या स्वतंत्र भागावर) ठेवा आणि कॅमेऱ्यांना इंटरनेटवर जाणं बंद करा. वेळ जुळवण्यासाठी त्यांना डीव्हीआरचाच पत्ता द्या, नाहीतर चित्रांवरची वेळ सरकत जाते आणि पोलिसांना फुटेज देताना अडचण होते. बाहेरून पाहायचंच असेल तर राउटरवर व्हीपीएन लावा. नवे कॅमेरे घेताना एसटीक्यूसी या सरकारी चाचणी यंत्रणेचं प्रमाणपत्र मागा. ९ एप्रिल २०२५ पासून भारतात विकल्या जाणाऱ्या सीसीटीव्हीसाठी सुरक्षा चाचणीचे नियम लागू झाले आहेत.

प्रश्न : शक्ती, वेगा हे आपले प्रोसेसर आले की हा प्रश्न सुटेल का? (निवृत्त अभियंता, मडगाव)

उत्तर : बराचसा हलका होईल, सुटणार नाही. आयआयटी मद्रासचा शक्ती आणि पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅकचा वेगा हे दोन्ही रिस्क-व्ही या खुल्या आज्ञासंचावर आहेत. आराखडा आपल्या माणसांनी काढलेला आणि तपासता येण्याजोगा असणं, हा मोठाच फायदा आहे. पण खुला असतो तो आज्ञासंच. त्यावर बांधलेली प्रत्येक चिप खुली असतेच असं नाही, आणि खुली असली तरी निर्दोष असते असंही नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये जर्मनीतल्या सिस्पा संस्थेने टी-हेड या चिनी कंपनीच्या सी९१० या रिस्क-व्ही प्रोसेसरमध्ये घोस्टराइट हा दोष शोधला. व्हेक्टर विभागातल्या (एका आज्ञेत अनेक आकड्यांवर काम करणाऱ्या भागातल्या) काही सदोष आज्ञा आभासी मेमरीची सीमा ओलांडून थेट भौतिक मेमरीत लिहितात, म्हणजे साधा प्रोग्रॅम कर्नेलवर लिहू शकतो. दोष सिलिकॉनमध्येच असल्याने अपडेटने जात नाही. सगळा व्हेक्टर विभागच बंद करावा लागतो आणि मशिन मंदावतं. शिवाय आराखडा आपला असला तरी चिप कुठे छापली हा प्रश्न उरतो. शक्तीच्या २०१८ मधल्या दोन चाचणी चिपांपैकी एक इंटेलच्या २२ नॅनोमीटर प्रक्रियेवर परदेशात तयार झाली, दुसरी चंडीगडजवळच्या एससीएल या सरकारी चिप कारखान्यात १८० नॅनोमीटरवर.

तुम्ही अजूनही संस्थांना खरेदीत सल्ला देता, असं पत्रात आहे. तर निविदेत चार अटी घाला. फर्मवेअरचे सुरक्षा अपडेट किती वर्षं मिळणार ते लेखी हवं. अपडेट सहीशिवाय स्वीकारला जाऊ नये, आणि जुन्या सदोष आवृत्तीकडे परत जाणंही अडवलेलं असावं. जेटॅगसारखी डीबगची जोडणी पुरवठ्याआधी फ्यूज उडवून कायमची बंद केलेली असावी. आणि एएमटीसारखी रिमोट सोय बंद अवस्थेतच यावी. माल आला की पाच-सात मशिन कोणतीही निवडून, शटडाउन करून, केबल लावलेल्या ठेवा आणि वरचे पोर्ट तपासा. एकाही मशिनने उत्तर दिलं तर सगळा लॉट परत पाठवा.